पुलाजवळच्या तिरक्या रेघा

१

"ही कॉफी आहे की बोटीच्या तळाचं पाणी?" डब कॅसलबेरी पेल्यात तोंड घालून पुटपुटला. "तेही कोमट. पूर्वी या क्लबात एखाद्या दिवशी मासे नसायचे, पण कॉफी कडक असायची. आता मासे म्हणे टीव्हीवर दिसतात, आणि चव कशालाच नाही."

तो स्वतःशीच बोलत होता, पण व्हर्ना ओगल्स्बीच्या खांद्याला खांदा लावून. म्हणजे ऐकवायलाच.

"डब, फुकटच्या कॉफीला नावं ठेवणाऱ्याला दुसरा पेला मिळत नाही," व्हर्ना म्हणाली आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

चिकोला तलावावर धुकं असं बसलं होतं की धक्क्याला बांधलेल्या बोटींची फक्त नाकं दिसत होती. बास मासे गळाने धरणाऱ्यांच्या क्लबची हंगामातली शेवटची स्पर्धा, तिचा दुसरा आणि अखेरचा दिवस. धुकं उठेपर्यंत कुणाला सोडायचं नाही, हा नियम. नियम पाळून घ्यायला व्हर्ना. बोटी सोडणं, माशांची वजनं घेणं, भांडणं सोडवणं, सगळं तिच्याकडे. त्याआधी उभी हयात तिने जिल्ह्यातल्या शाळांना दांड्या मारणारी पोरं शोधण्यात घालवली होती. त्यातली निम्मी तिला या तलावावरच सापडली होती, गळ टाकून बसलेली. पुढे तीच क्लबाची सभासद झाली, आणि शाळेतल्यासारखं तिला अजून 'मिस व्हर्ना'च म्हणत.

पण आज तिला काळजी संध्याकाळची होती. आज मतदान होतं. ठराव हारलन प्युरिफॉयचा: पुढल्या वर्षीपासून कुणाच्याही बोटीवर 'पडदा' नको. पडदा म्हणजे बोटीच्या नाकाशी पाण्यात सोडलेला एक यंत्राचा डोळा आणि त्याला वायरीने जोडलेली काच. काचेवर समोरचं पाणी जसंच्या तसं. मासा कुठे तरंगतोय, तुमचं आमिष कसं खाली उतरतंय, मासा तोंड कधी उघडतोय, सगळं दिसतं. पोरं त्याच्यावर जीव टाकत. म्हातारे त्याला टीव्ही म्हणत आणि थुंकत.

हारलन या तलावाचा राजा. त्याच्याइतके कप कुणाच्या नावावर नव्हते. "मासा डोळ्याने पकडत नाहीत, बोटाने पकडतात," हे त्याचं वाक्य इथल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. आणि पडद्यावर सगळ्यात तरबेज कोण, तर त्याचीच नात टॅन्सी. तिने महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं, "ठराव पास झाला की मी या तलावावर बोट लावणार नाही. मग पापॉ माझे आजोबा का असेनात."

दोघंही एकाच घाण्यातली. बोलली की बोलली.

"मिस व्हर्ना!"

धुक्यातून टॅन्सीचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हता तो. ओरडणं गिळलेल्या माणसाचा होता.

व्हर्ना धक्क्यावरून धावली. टॅन्सी बोटीच्या नाकावर गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातात वायरीचं एक टोक होतं, आणि दुसरं टोक पाण्याकडे लोंबत होतं.

कुणीतरी वायर कापली होती.

२

"संध्याकाळी मत द्यायचंय ना यांना?" टॅन्सी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तेवढाही धीर नाही? ज्याने कापली त्याने नीट ऐकून घ्या. मी जाणार. पडद्याशिवाय जाणार. आणि तुमच्याच उथळ पाण्यातून तुमच्या नाकासमोरून मासे काढून आणणार."

"वा गं माझी वाघीण," डब हळूच म्हणाला. मग आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे आठवून त्याने तोंड मिटलं.

व्हर्नाने चष्मा चढवून बघितलं. पडद्याची काच शाबूत होती, साधा ओरखडाही नव्हता. पाण्यातला डोळा शाबूत. वायर जिथे काचेला जोडतात, तिथे एक प्लास्टिकची आट्याची कडी असते, बाटलीच्या झाकणाएवढी. दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवली की वायर सुटते. त्या कडीवर दातेरी चावे पडले होते. पक्कडीचे. आणि कडीच्या खाली वायर कापलेली. तिने कडी सोडवून खिशात टाकली.

"कालच दगा देणार होती ही," टॅन्सी म्हणाली. "दुपारी खोल पाण्यात, जुन्या बुडालेल्या पुलापाशी होते ना, तर पडद्यावर तिरक्या रेघा यायला लागल्या. वळवाचा पाऊस पडावा तशा. बोटीचं नाक फिरवलं की गायब, परत तिकडे वळवलं की हजर. म्हटलं, वायर गेली बहुतेक. रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलंही, की उद्या परत तिथेच जाऊन बघते, आणि आल्यावर ब्रॅक्सला दाखवते."

"सगळ्यांना?"

"अहो, कॅटफिशच्या ताटावर बसून बोलले मी. म्हणजे सगळ्यांनाच."

धक्क्याच्या फाटकाला कुलूप असतं आणि किल्ल्या फक्त सभासदांकडे. म्हणजे घरातलाच कुणीतरी. ज्यांना काही मिळवायचं होतं असे तिघं होते. डब, जो लाकडाची आमिषं हाताने कोरून विकायचा, आणि पडदेवाली पोरं त्याच्याकडे आताशा ढुंकून बघत नव्हती. ब्रॅक्स हॅम्रिक, टॅन्सीच्याच वयाचा, स्वतः पडदेवाला, कालच्या वजनात तिच्या किंचित मागे. आणि हारलन.

व्हर्नाने आधी डबला गाठलं. तो धक्क्याच्या टोकाला हारलनच्या बोटीत वाकून बसला होता. हारलनच्या दोरीला आमिष बांधत होता.

"याचा चष्मा घरी राहिला," डब लगेच म्हणाला.

"पुन्हा?"

"म्हाताऱ्याचा चष्मा, मिस व्हर्ना. त्याला पाय असतात."

हारलन मांडीवर हात ठेवून धुक्याकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही. व्हर्नाने डबला बाजूला घेतलं.

"तू कापलीस?"

"मी?" डबला हसू आलं. "मी असतो ना, तर वायर नसती कापली. वल्हं घेऊन काच फोडली असती. मोठ्याने. आणि वर बसून शेंगा खाल्ल्या असत्या. लपूनछपून करायला मी काय बायकोला घाबरून तंबाखू खातोय?"

"खातोसच."

"ती गोष्ट वेगळी."

हारलनपाशी ती परत आली, तेव्हा तो स्वतःच बोलला. "पोरगी खरंच निघाली का, व्हर्ना? पडद्याशिवाय?"

"निघाली."

"काही आणायची नाही ती."

"कुणी शिकवलंय तिला, त्यावर आहे ते."

तेवढ्यात धुक्याला वरून भोक पडलं, ऊन पाण्यावर उतरलं, आणि सगळे आपापल्या बोटींकडे धावले. रविवारचं चर्च बुडवणाऱ्यांसाठी धक्क्यावर व्हायची ती छोटी प्रार्थना झाली. टोप्या निघाल्या, टोप्या चढल्या. व्हर्ना निशाण हलवणार, तोच तिच्या मनात कालच्या माशांनी शेपटी मारली.

काल संध्याकाळी हारलनने पिशवी रिकामी केली होती. सगळ्यात जड पिशवी. "लाकडी धक्क्यांखालून काढले," तो म्हणाला होता, "गुडघाभर पाण्यातून. बोटाला कळलं, ओढले." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ते मासे फिके होते. जुन्या चांदीच्या चमच्यासारखे. त्यातला एक टाकीत कुशीवर तरंगायला लागला. तेव्हा व्हर्नानेच त्याला उलटा धरून, परांखाली सुई टोचून, त्याच्या पोटातल्या फुगलेल्या पिशवीतली हवा सोडली होती.

ते करताना तिला काहीच वाटलं नव्हतं. हात आपलं काम करत होते.

आता वाटलं.

३

ब्रॅक्स मासे लवकर मिळाले म्हणून ऊन डोक्यावर यायच्या आत परतला. चेहऱ्यावर तेज आणि हातात सँडविच.

"मीच कापली असं म्हणतायत ना सगळे?" त्याने विचारलं. "म्हणू देत. मिस व्हर्ना, मला टॅन्सीचा पडदा बंद पाडायचा असता तर मी ती कडी फिरवून सैल केली असती. दोन वेढे. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद झालं असतं आणि तिला संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. कापायला काय मी उंदीर आहे?"

"कडी फिरवायला जोर लागतो?"

"छे. माझी चार वर्षांची भाची फिरवते. फक्त बारीक आहे, म्हणजे नखाखाली नीट कळावी लागते, आटे कुठे बसतायत ते."

व्हर्नाने खिशातली चावलेली कडी अंगठ्याने चाचपली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि पडद्यावर पावसासारख्या तिरक्या रेघा? वायर खराब झाली की येतात?"

"वायर खराब झाली तर चित्रच जातं." ब्रॅक्सने घास गिळला. "तिरक्या रेघा येतात दुसऱ्या पडद्यामुळे. हा डोळा आवाज सोडूनच बघतो ना, मग दोघं समोरासमोर आले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जातो. रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर यावेत तसं. का? कुणाला आल्या?"

व्हर्ना उठली. आज मतदानाची खोली झाडायची होती, टेबलं मांडायची होती. ती तशीच उभी राहिली.

टॅन्सी धक्क्याला लागली तेव्हा व्हर्ना बोटीची दोरी पकडायला स्वतः गेली. पोरीचे हात खरचटलेले, नाक उन्हाने लाल, आणि डोळे असे चमकत होते की विचारायची गरजच नव्हती.

"तरी विचारते," व्हर्ना म्हणाली. "काल पुलापाशी तुझ्यासमोर कोण होतं? ज्या बाजूला नाक वळवलं की रेघा यायच्या, त्या बाजूला?"

"कुणीच नव्हतं."

"टॅन्सी."

"खरंच कुणी नव्हतं. फक्त पापॉची बोट होती. आणि त्यांच्या बोटीत तर रेडिओसुद्धा..."

ती थांबली. शाळेतली पोरं अशीच थांबायची, स्वतःच्याच वाक्यावर पाय पडला की.

४

वजनकाट्याभोवती गर्दी झाली. टॅन्सीने पिशवी उघडली, आणि मासे बाहेर आले ते गर्द हिरवे, अंगावर शाईने ओढावी तशी काळी पट्टी. धक्क्यांच्या सावलीत, गवतात, गढूळ उथळ पाण्यात राहणारा बास असाच असतो. लहान पोरालाही कळतं. अंधाऱ्या खोल पाण्यात तरंगणारा मात्र फिका पडतो. आणि झटक्यात वर ओढला की त्याच्या पोटातली हवा फुगते.

"कशावर लागले?" कुणीतरी ओरडलं.

टॅन्सीने दोरीचं टोक उचलून दाखवलं. डबने कोरलेलं लाकडी आमिष, रंग उडालेलं. डबने दुसरीकडे तोंड फिरवून नाक शिंकरलं.

दोन दिवसांची बेरीज झाली. तोवर टॅन्सी पहिली. आणि मग हारलन आला.

त्याची टाकी रिकामी होती.

"आज बोलले नाहीत मासे," तो म्हणाला. आणि कुणी काही म्हणायच्या आत गाडीकडे चालू लागला.

व्हर्ना त्याच्या मागे गेली. गाडीच्या मागच्या फळीवर ती त्याच्या शेजारी बसली. कितीतरी वर्षांपूर्वी तिचा नवरा आणि हारलन असेच बसायचे, आणि ती त्या दोघांना घरी चला म्हणायला यायची.

"बोल," हारलन म्हणाला. "दांडीबहाद्दर पकडल्यासारखी बघू नकोस. काय ते बोल."

"कालचे मासे धक्क्याखालचे नव्हते. खोल पाण्यातले होते, पुलापाशीचे. मीच सुई टोचली त्यातल्या एकाला. तुझ्या बोटीत कुठेतरी पडदा आहे, पुढच्या झाकणाखाली असेल. टॅन्सीच्या काचेवर रेघा आल्या त्या त्याच्या."

"सिद्ध कर."

"ऐक तरी. काल जेवताना ती म्हणाली की उद्या परत पुलापाशी जाते, आणि मग ब्रॅक्सला दाखवते. ब्रॅक्सला एका वाक्यात कळलं असतं. म्हणून तिचा पडदा आज बंद राहायला हवा होता. डब असता तर त्याने काच फोडली असती. ब्रॅक्स असता तर कडी सैल करून सोडली असती. तुझ्याही मनात तेच होतं, हारलन. तिचं काही मोडू नये, नुसतं सुटावं. म्हणून आधी तू कडीच फिरवायला गेलास. फिरली नाही. मग पक्कड लावलीस, तीही घसरली. मग कापलीस." तिने कडी त्याच्या तळहातावर ठेवली. "चार वर्षांच्या पोरीला फिरवता येते ही. तुला आली नाही."

हारलनने मूठ मिटली. कडी मुठीत आहे की खाली पडली, हे बघायला त्याला मूठ परत उघडावी लागली.

दोघांनीही ते पाहिलं. दोघांनीही तलावाकडे मान वळवली.

"आज लावला का नाहीस पडदा?" तिने विचारलं. "आज तर वाट मोकळी होती."

"लावायला घेतला. पण पोरगी माझ्यासमोरून गेली, उभी राहून, नुसती काठी घेऊन. मी शिकवलं तशी, दोरीवर बोट ठेवून." तो खाकरला. "मग नाही लावला. दिवसभर गळ टाकले. दोनदा दोरी हललेली दिसली, तेव्हा मासा खाऊन थुंकूनही गेला होता."

"पडदा वापरणं गुन्हा नव्हताच, हारलन. अजून तरी नाही."

"माझ्यासाठी होता. मीच शिव्या घातल्यात त्याला." मग एकदम मान ताठ करून म्हणाला, "जा. सांग सगळ्यांना. घाबरतो की काय मी?"

"मी नाही सांगणार. दांडी मारणाऱ्याचं नाव मी कधी फळ्यावर लिहिलं नाही. त्याला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडायची. आत जायचं की नाही ते त्याने ठरवायचं."

"आणि नाही गेला तर?"

"तर आज संध्याकाळी तुझा ठराव पास होईल," व्हर्ना उठत म्हणाली. "आणि तुझी नात जाईल."

५

क्लबाची खोली मक्याच्या पिठात तळलेल्या कॅटफिशच्या वासाने भरली होती. बास कुणी खात नाही. त्याचं वजन करायचं, मुका घ्यायचा, आणि परत पाण्यात सोडायचं. खायला कॅटफिश.

समोरच्या भिंतीवर जाड दोर ताणलेला. त्यावर प्रत्येक वर्षीच्या विजेत्याचं आमिष टांगलेलं. रीत अशी की गेल्या वर्षीच्या विजेत्याने नव्या विजेत्याचं आमिष आपल्या हाताने तिथे बांधायचं. त्यानंतर मतदान.

गेल्या वर्षीचा विजेता हारलन होता, आणि त्याच्या आधीचाही तोच. आणि गेल्या वर्षी त्याचं स्वतःचं आमिषही डबनेच बांधलं होतं. चष्म्यामुळे.

टॅन्सी पुढे आली. तिने ते रंग उडालेलं लाकडी आमिष आजोबांसमोर धरलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, हे व्हर्नाला मागच्या खुर्चीवरून दिसेना. पोरीने काहीच विचारलं नव्हतं दुपारपासून. कुणालाच नाही.

"अरे आण इकडे," डब खुर्ची ढकलून उठला. "याचा चष्मा..."

आणि खोलीतली सगळी माणसं एकदम आपापल्या ताटाकडे बघू लागली. कॅटफिशचे काटे मोजावेत तशी. किती महिने चाललं होतं हे! कुणी त्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायचं, कुणी त्याची किल्ली फिरवायचं, कुणी दोरी ओवायचं, आणि प्रत्येक वेळी चष्मा घरी राहिलेला असायचा. व्हर्नाच्या लक्षात आलं, की तिनेसुद्धा कालच त्याच्या पेल्याचं झाकण उघडून दिलं होतं, न मागता. हात आपलं काम करत होते.

"बस खाली, डब," हारलन म्हणाला.

"अरे पण..."

"बस म्हणतो ना. चष्मा माझ्या खिशात आहे."

त्याने तो काढला, डोळ्यांवर चढवला. दोरीचं टोक आमिषाच्या कडीतून ओवायला गेला. दोरी निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा दोरी त्याच्या बोटांत नव्हतीच, आणि तो तरीही ओवत होता.

टॅन्सीचा हात पुढे आला. त्याने मानेनेच तिला थांबवलं आणि आमिष टेबलावर ठेवलं.

"ठराव मागे घेतो," तो म्हणाला. "कालचे मासे पुलाजवळचे. माझ्या बोटीत पडदा आहे, आणि काल मी त्याच्यावर बघून मासे काढले. मासा तोंड उघडतो ते दिसतं त्यात. बायबलाची शपथ, सुंदर दिसतं. माझं कालचं वजन खोडून टाका." तो टॅन्सीकडे वळला. "तुझी वायर मी कापली. नवी घेऊन देईन. माफ कर म्हणत नाही. तू एवढ्यात करू पण नकोस."

"करणारही नाही," टॅन्सी म्हणाली. तिची हनुवटी वर होती. आजोबांसारखीच. "पण उद्या तुमच्या बोटीतला तो पडदा नीट बसवून देईन. झाकणाखाली लपवायची वस्तू नाही ती."

कुठेतरी कुणीतरी हसलं आणि थांबलं. सगळ्यांच्या माना अजून ताटातच होत्या.

"वर बघा," हारलन म्हणाला. "ए डब, तूसुद्धा. व्हर्ना, तूसुद्धा. वर बघा म्हणतो! वर्षभर मेहेरबानी करताय माझ्यावर. पुरे झाली."

त्याने दोन्ही हात दिव्याखाली धरले. मोठे, गाठाळलेले, गळाच्या जुन्या खुणांनी भरलेले.

"मेलीत ही बोटं," तो म्हणाला. "आणि मी अजून मासे पकडणार आहे."